नापास मुलाची आधी तपासणी करा

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले की शाळाशाळांतून प्रगतिपुस्तके वाटली जातात. मधली बरीच वर्षे आठवीपर्यंतच्या मुलांच्या घरी त्या दिवसाची फारशी धाकधूक नसे. मूल वरच्या वर्गात जाणार हे ठरलेलेच असे. आता तसे राहिलेले नाही. पाचवीच्या आणि आठवीच्या मुलांना वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते, आणि पुन्हा संधी मिळूनही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते.

त्यामुळे मे महिन्यात दवाखान्यात एक नवी गर्दी दिसू लागली आहे. मुलाला ताप नसतो, खोकला नसतो, पालकांच्या हातात प्रगतिपुस्तक असते. मागण्या साधारण तीन प्रकारच्या. ‘डॉक्टरसाहेब, बुद्धी वाढायचं एखादं टॉनिक लिहून द्या.’ ‘परीक्षेच्या वेळी पोरगं आजारी होतं असा दाखला द्या.’ आणि तिसरी, ‘याला झालंय काही नाही, नुसता आळशी आहे. तुमचं ऐकतो, तुम्हीच दोन शब्द सुनवा.’

पहिल्या दोन मागण्या कोणत्याही डॉक्टरला पुऱ्या करता येणार नाहीत. तिसरीतले ‘झालंय काही नाही’ हे विधान मात्र तपासून पाहावे लागते, कारण ते पुष्कळदा खरे नसते. म्हणून शाळेचा हा विषय आज आरोग्याच्या सदरात घेतला आहे.

नियम काय सांगतो?

आधी नियम समजून घेऊ, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. त्याच्या १६ व्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवायला आणि शाळेतून काढून टाकायला बंदी केली. परीक्षेच्या जागी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. म्हणजे वर्षभर मुलाकडे लक्ष ठेवायचे, कुठे अडते ते पाहायचे आणि तिथल्या तिथे मदत करायची. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्यातला ‘नापास करायचे नाही’ एवढाच भाग राहिला आणि मदतीचा भाग नोंदवहीत अडकला.

पुढे तक्रारी वाढल्या. २०१९ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. पाचवी व आठवीच्या वर्षाअखेर नियमित परीक्षा घ्यावी. जे मूल नापास होईल त्याला जादा शिकवावे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा द्यावी. त्यातही नापास झाले तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे त्या त्या सरकारने ठरवावे, असे ही दुरुस्ती सांगते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले आणि ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने परीक्षेची पद्धत ठरवून दिली. पाचवीला प्रत्येक विषयाची परीक्षा ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के गुण. म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१. केंद्र सरकारने आपल्या केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये अशा शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये असाच नियम केला. त्याच सुमारास तमिळनाडूने मात्र आपण आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवणार नाही असे जाहीर केले. म्हणजे या प्रश्नावर सगळ्या देशाचे एकमत नाही.

पालकांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, मूल नापास झाले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. वय चौदाच्या पुढे गेले म्हणूनही हा हक्क जात नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो राहतो. दुसरी, पहिल्या निकालानंतर मिळणारे जादा अध्यापन ही शाळेची मेहेरबानी नव्हे, कायद्यानेच तसे सांगितलेले आहे. त्या वर्गांची चौकशी करायला संकोच करू नये.

ढकलणे आणि अडवणे

ढकलत नेणे चांगले की अडवणे चांगले, यावर चौकाचौकात वाद चालतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या शंभरपैकी सुमारे तीस मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा नीट वाचता आला नाही. ही मुले दर वर्षी वरच्या वर्गात गेली, पण त्यांचे दुखणे कोणी पाहिले नाही. ताप आला की गोळी देऊन पारा खाली आणायचा आणि ताप कशाने आला ते पाहायचेच नाही, असा हा प्रकार झाला.

पण अडवल्याने काय होते तेही पाहा. मूल त्याच वर्गात, बहुधा त्याच शिक्षकांपुढे, तीच पुस्तके घेऊन बसते. सोबतचे वर गेलेले असतात आणि हे आता वर्गात सगळ्यांत उंच असते. उंच मुलाला आपण कुठे बसवतो? शेवटच्या बाकावर. ज्याला फळा दिसत नव्हता किंवा बाईंचा आवाज नीट ऐकू येत नव्हता, त्याला आपण फळ्यापासून आणि बाईंपासून आणखी लांब नेऊन ठेवले. कारण तसेच राहिले तर दुसऱ्या वर्षीही निकाल तोच लागणार.

डॉक्टरच्या दृष्टीने ‘नापास’ हा शब्द ‘ताप’ या शब्दासारखा आहे. त्यावरून काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते. काय बिघडले आहे ते शोधावे लागते. आता या शोधाची यादी पाहू.

डोळे : सगळ्यांत आधी

जवळचे स्पष्ट आणि लांबचे अंधुक दिसणे हा दोष शाळेच्या वयातच सुरू होतो आणि उंची वाढण्याच्या काळात, म्हणजे साधारण आठ ते पंधरा या वयात, भराभर वाढतो. ज्या मुलाला उणे दोनचा नंबर आहे त्याला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. मांडीवरचे पुस्तक दिसते, मोबाइल दिसतो, फळा दिसत नाही. ‘मोबाइलवर तासन्‌तास बसतो, मग डोळ्यांना काय झालंय?’ हा पालकांचा युक्तिवाद त्यामुळेच फसवा ठरतो.

मूल स्वतःहून तक्रार करत नाही, कारण सगळ्यांनाच असे दिसते असे त्याला वाटते. माझ्याकडे आठवीतला एक मुलगा ‘शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, नक्कल करतो’ या तक्रारीसह आणला गेला होता. बारा फुटांवरच्या भिंतीवरील कॅलेंडरचे मोठे आकडेही त्याला सांगता आले नाहीत. फळ्यावरचे गणित दिसत नव्हते म्हणून तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता. नेत्रतज्ज्ञांनी चष्मा दिला आणि ‘नक्कल’ थांबली.

घरी ही चाचणी सहज करता येते. दहा-बारा फुटांवर कॅलेंडर टांगा, एकेक डोळा हाताने झाकून तारखा वाचायला सांगा आणि शेजारी दुसऱ्या मुलाला उभे करून तुलना करा. डोळे बारीक करून पाहणे, मान वाकडी करणे, टीव्हीच्या जवळ जाऊन बसणे, अभ्यासाला बसले की कपाळ दुखणे ही लक्षणे असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मे मोफत मिळतात. ‘मुलगी आहे, चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल’ असे अजूनही ऐकू येते. चष्म्यापेक्षा अर्धवट सुटलेल्या शिक्षणाची अडचण कितीतरी मोठी आहे.

कान : ‘लक्ष देत नाही’ची दुसरी बाजू

‘दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही’ ही आईची तक्रार असेल तर आधी कान पाहावेत. कानात घट्ट बसलेला मळ, वारंवार फुटणारा कान, वाढलेल्या ॲडेनॉइडमुळे पडद्याआड साठलेले पाणी या तिन्ही गोष्टींनी ऐकू येणे कमी होते. अशा मुलाला मोठा आवाज येतो, म्हणून घरच्यांना तो ‘ऐकू येणारा’ वाटतो. पण वर्गात पंखा चालू आहे, शेजारच्या वर्गात पाढे चालले आहेत, अशा वेळी शब्दातले स, श, त, थ असे हलके आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शुद्धलेखनात तो नेमका तिथे चुकतो आणि आपण त्याला निष्काळजी ठरवतो.

कानात गरम तेल, लसणाचे तेल किंवा काडी घालू नये. वाहणारा कान ‘वयानुसार थांबेल’ म्हणून सोडून देऊ नये. रात्री तोंड उघडे ठेवून घोरणारे, सतत नाक चोंदलेले मूल असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. त्याची झोपही नीट होत नसते आणि ते दिवसभर पेंगते.

रक्त, जंत आणि रिकामे पोट

२०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत पाच ते नऊ वर्षांच्या शंभरपैकी २४ मुलांत आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या शंभरपैकी २८ मुलांत रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, आढळला. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११.५ पेक्षा आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलाचे १२ पेक्षा कमी नसावे. ते आठ-नऊवर असेल तर मूल लवकर थकते, चिडते, त्याचे लक्ष टिकत नाही. लोह रक्तासाठी जसे लागते तसे मेंदूच्या कामालाही लागते. आठवीच्या वर्षी मुलींची पाळी नुकतीच सुरू झालेली असते. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली येते आणि ती लाजेने कोणाला सांगत नाही. आईने तिला विचारले पाहिजे.

शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी आणि सहावीच्या पुढच्यांना निळी लोहाची गोळी आठवड्यातून एकदा दिली जाते. ती टाकून देऊ नये. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले लागते. शौचाला काळी झाली तर घाबरू नये. ज्याला रक्तक्षय झालेलाच आहे त्याला आठवड्याची एक गोळी पुरत नाही. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण उपचार घ्यावेत. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मिळणारी जंतांची गोळीही चुकवू नये. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात वारंवार हातपाय दुखणाऱ्या, फिक्कट मुलाची सिकलसेलची तपासणी जरूर करावी. दर महिन्याला दुखण्याने चार-सहा दिवस शाळा बुडत असेल तर मूल मागे पडणारच.

रिकाम्या पोटी शाळेत जाणारी मुले गावात आहेत तशी सुखवस्तू घरांतही आहेत. चहा-खारी हा नाश्ता नव्हे. शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि दूध किंवा शेंगदाण्याची चटणी-पोळी यांनी दुपारपर्यंत डोके ठिकाणावर राहते.

झोप आणि ‘तंद्री’

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि तेरापुढच्याला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारापर्यंत पांघरुणात मोबाइल पाहणारे आणि सकाळी सहाला शिकवणीला जाणारे मूल रोज दोन-तीन तासांची झोप गमावते. वाचलेले पक्के होण्याचे कामही झोपेतच चालते. शिकवणी वाढवण्याआधी झोप वाढवावी.

काही मुले बोलता बोलता पाच-दहा सेकंद थिजल्यासारखी होतात, नजर एका जागी लागते, पापण्या फडफडतात आणि पुन्हा काही न झाल्यासारखी बोलू लागतात. दिवसातून अनेकदा असे होते. लोक म्हणतात, ‘तंद्री लागते.’ हा फिटचा एक प्रकार असू शकतो. यात मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण प्रत्येक वेळी शिक्षकांचे एखादे वाक्य निसटते. मेंदूच्या आलेखाने, म्हणजे ईईजीने, निदान होते आणि बहुतेकांना गोळ्यांनी चांगला गुण येतो. याशिवाय वाढ खुंटलेल्या, सुस्त, बद्धकोष्ठ असलेल्या मुलाची थायरॉइडची तपासणीही करावी लागते.

हुशार, तरीही वाचता येत नाही

या सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्या तरी एक मोठा गट उरतो. बुद्धी सामान्य किंवा त्याहून चांगली, गोष्ट ऐकली तर जशीच्या तशी सांगतो, सायकल उघडून पुन्हा जोडतो, दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशेब बिनचूक करतो. पण वाचन, लेखन किंवा लेखी गणित यांपैकी एखादी गोष्ट मात्र काही केल्या जमत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. २००७ सालच्या ‘तारे जमीं पर’ चित्रपटामुळे डिस्लेक्सिया हा शब्द गावोगाव पोहोचला, पण आपल्याच घरात ते मूल आहे हे ओळखणे अजून जमत नाही.

मराठी लिहिताना त्याच्या खुणा अशा दिसतात : जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या आणि मात्रा गळतात किंवा भलत्या अक्षरावर जातात, घ आणि ध, भ आणि म यांत चौथी-पाचवीतही गोंधळ होतो, ओळ वाचताना मधलीच ओळ सुटते, फळ्यावरचे वहीत उतरवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. आपल्याकडे पस्तीस म्हणताना पाच आधी आणि तीस नंतर येतात, लिहिताना उलट. लहान वयात त्यामुळे ३५ चे ५३ कोणाचेही होतात. पण मोठेपणीही ते टिकून राहिले तर लक्ष द्यावे. तोंडी उत्तर बरोबर आणि लेखी कोरे, ही तफावत सगळ्यांत बोलकी खूण आहे. शिक्षकांच्या ती सहज लक्षात येऊ शकते.

निदान साधारण आठव्या वर्षानंतर, मानसशास्त्रज्ञांच्या ठरावीक चाचण्यांनी होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. पाचवीत हे ओळखले गेले तर खास पद्धतीने शिकवायला दहावीपर्यंत पाच वर्षे मिळतात. त्याच वर्गात नुसते पुन्हा बसवून अध्ययन अक्षमता जात नाही. मोडलेला पाय प्लास्टरशिवाय वर्षभर तसाच ठेवला तर तो सरळ जुळेल का?

एका जागी मिनिटभरही न बसणारे, प्रत्येक काम अर्धवट सोडणारे मूल अतिचंचलतेने त्रस्त असू शकते. काही मुलांची एकूण बौद्धिक वाढच कमी असते. त्यांना कोणता अभ्यासक्रम पेलेल हे तज्ज्ञांनी ठरवावे. मारण्याने यांपैकी काहीही सुधारत नाही. शाळेत शारीरिक शिक्षा करायला आणि मुलाचा मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाईच आहे.

कारण घरात असेल तर

सगळीच कारणे शरीरात नसतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातले मूल दिवाळीच्या आसपास गाव सोडते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. त्याने वर्षातला निम्मा अभ्यास पाहिलेलाच नसतो. अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. वडिलांचे दारूचे व्यसन, घरातली रोजची भांडणे, मुलाला स्वतःला लागलेली गुटख्याची किंवा खर्ऱ्याची सवय ही कारणेही प्रगतिपुस्तकात उतरतात. ती विचारायला डॉक्टरने आणि सांगायला पालकांनी लाजू नये.

सर्वांत जास्त काळजी आठवीत अडकलेल्या मुलीची वाटते. मुलगा नापास झाला तर घरात आरडाओरडा होतो. मुलगी नापास झाली तर कधी कधी शांतपणे निर्णयच होऊन जातो. ‘वय वाढतंय, पुढची शाळा लांब आहे, आता घरीच राहू दे.’ एक वर्ष वाया गेल्याचा हिशेब तिच्या शाळेच्या दिवसांतून वजा होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात स्थळे येऊ लागतात. अठरा वर्षांपूर्वी मुलीचे लग्न करणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लवकर आलेल्या बाळंतपणात आई आणि मूल दोघांच्या जिवाला धोका असतो, हे डॉक्टर म्हणून पुन्हा सांगतो. ज्या घरात मुलगी आठवीत मागे राहिली आहे तिथे शिक्षकांनी, आशाताईंनी आणि शेजाऱ्यांनीही जून महिन्यात एकदा डोकावावे आणि ती शाळेत गेली का ते पाहावे.

निकालानंतरचे पहिले आठ दिवस

दहा-चौदा वर्षांच्या मुलाला लाज फार लागते. निकालानंतर ते जेवत नसेल, बोलत नसेल, रात्री दचकून उठत असेल, पोट दुखते म्हणून घराबाहेर पडत नसेल तर त्याला ‘नाटक’ म्हणू नये. मनाचे दुखणे या वयात पुष्कळदा पोटातून बोलते. पाहुण्यांसमोर गुण सांगू नयेत, चुलत भावाशी तुलना करू नये. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे वाक्य मुलाच्या तोंडून आले तर ते धमकी समजून उडवून लावू नये. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

दाखला आणि टॉनिक

आता त्या दोन मागण्यांकडे वळू. स्मरणशक्ती वाढवते असे सिद्ध झालेले टॉनिक बाजारात नाही. जाहिरातीतल्या बाटलीचे पैसे महिनाभराच्या दूध-अंडी-शेंगदाण्यांवर किंवा नंबरच्या चष्म्यावर खर्च करावेत. खोट्या आजारपणाच्या दाखल्याने तर मुलाचे नुकसानच होते. त्याने परीक्षेचा प्रश्न आठवडाभर लांबतो आणि खरे कारण झाकले जाते; शिवाय अडले की खोटे बोलायचे असते हे मूल शिकते. खरा दाखला मात्र उपयोगी पडतो. ‘या मुलाला पहिल्या बाकावर बसवावे’, ‘डाव्या कानाने कमी ऐकू येते’, ‘हिमोग्लोबिन कमी असून उपचार चालू आहेत’ अशी चिठ्ठी डॉक्टरांकडून मागून घ्यावी आणि वर्गशिक्षकांना द्यावी.

दोन महिन्यांचा उपचार

पहिला निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यामधला काळ हा उपचाराचा काळ समजावा. तो असा वापरावा :

१) पहिल्या आठवड्यात मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. वजन, उंची, हिमोग्लोबिन, डोळे आणि कान एवढी तपासणी व्हावीच. सोबत वह्या आणि उत्तरपत्रिका न्याव्यात. त्यांतून बरेच कळते.

२) वर्गशिक्षकांना भेटून एवढे विचारावे : तोंडी येते का? कोणत्या इयत्तेपासून मागे पडले? वर्षात किती दिवस गैरहजर होते?

३) शाळेतल्या आरोग्य तपासणीचे कार्ड पाहावे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्याने ‘पुढील तपासणी आवश्यक’ असे लिहिले असेल आणि कार्ड दप्तरात तसेच पडले असेल तर ते घेऊन जिल्हा रुग्णालयात जावे. पुढच्या उपचारांची सोय याच कार्यक्रमातून होते.

४) चष्मा, लोहाच्या गोळ्या, कानाचे औषध जे ठरेल ते लगेच सुरू करावे. चष्म्याचा गुण त्याच दिवशी दिसतो, लोहाचा काही आठवड्यांत. हिमोग्लोबिन सुधारले म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नयेत.

५) रोज ठरलेल्या वेळी झोप, सकाळी पोटभर नाश्ता आणि अर्धा-अर्धा तास करून दोन वेळा अभ्यास. सुट्टी आहे म्हणून मुलाचा खेळ बंद करू नये.

६) जादा वर्गाला मूल रोज जाते ना, हे पाहावे. मामाच्या गावाला जाणे यंदा आठ दिवसांवर आणावे, पण अजिबात रद्द करू नये.

यानंतर फेरपरीक्षेत मूल उत्तीर्ण झाले तर उत्तमच. झाले नाही आणि त्याच वर्गात राहिले तरी तपासणी वाया जात नाही. आता त्याला दिसते, ऐकू येते, त्याचे नेमके कुठे अडते ते शिक्षकांना ठाऊक असते. असे वर्ष पुन्हा करणे आणि कारण न शोधता पुन्हा करणे यांत मोठा फरक आहे. जे मूल काठावर उत्तीर्ण होऊन वर गेले त्याचीही हीच तपासणी करावी, कारण नववीत गणित आणि विज्ञान अवघड होते आणि झाकलेले दुखणे तिथे उघडे पडते.

मुख्याध्यापकांना एक विनंती. मूल मागे ठेवण्याच्या यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखावेत : डोळे तपासले का, कान तपासले का, रक्त तपासले का. शाळा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवील तर एका दिवसात पन्नास मुलांचे हे काम होते. जे नाव या तीन रकान्यांतून गेलेले नाही त्याचा निर्णय थोडा थांबवावा. मुलाचे एक वर्ष फार मोठे असते.